युसुफच्या शेजारी कोण बसणार

इथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी सांगितलं, आजी, अंकासाठी लिहा, इतकी वर्षं पाळणाघर चालवताय, गमतीजमती असतीलच. गमतीजमती आहेत. एका बापाने मुलाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून पाठवली होती, याला हाताने जेवू देऊ नका, शाळेत हसतात. त्याच मुलाच्या आईने फोन करून सांगितलं, याला हाताने जेवायला शिकवा, पुण्याला गेला की आजी-आजोबा हसतात. मी पोराला म्हटलं, डाव्या हातात चमचा धर, उजव्याने जेव, दोघंही खूश. त्याने खरंच तसं केलं.

झाली गंमत. आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. वाचून राग आला तर येऊ द्या. माझाही अजून गेलेला नाही.

मी इथे जपानमध्ये, फुनाबोरीत राहते. माझे मालक भारतीय हॉटेलात आचारी होते, त्यांच्यामागे मी आले. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून भातावर तीळ टाकत होते. जपानी तिथे शिकले, बायकांच्या शिव्यांतून. मालक गेले, गुडघे गेले, तेव्हा घरीच मुलं सांभाळायला लागले. शिक्षण चौथी. अभ्यास मी घेत नाही, आधीच सांगते.

धंदा साधा आहे. इथे पहिलीतली मुलंही शाळेतून चालत येतात, पाठीवर ते कडक चामड्याचं दप्तर. आईबाप दोघं नोकरीला, सातशिवाय घरी नाहीत. तोवर मुलं माझ्याकडे. बूट दारात, हात धुवायचे, मग सतरंजीवर पंगत. मी टेबल ठेवलेलं नाही. सगळे एका ओळीत बसतात, मी समोर बसून वाढते. ओळीत बसलं की कोण जेवत नाही, कोणाचे डोळे सुजलेत, कोण कोणाला चिमटे काढतं, सगळं समोर दिसतं. शिक्षण नाही, पण एवढं बघणं मला येतं. आणि तरीही हे मला लवकर दिसलं नाही, कारण भांडणाला आवाज असतो. याला आवाज नव्हता.

युसुफ माझ्याकडे आला तेव्हा तिसरीत होता. आईबाप इजिप्तचे, अलेक्झांड्रिया म्हणून समुद्राकाठचं गाव आहे तिथले. बाप हानी जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत, आई हाला हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला. समोरच्याच इमारतीत घर. पोरगा अंगाने बारीक, केस कुरळे, जपानी एकदम झकास, अरबी मोडकं. माझ्याकडची बहुतेक मुलं मराठी, एक तमिळ, आणि सगळी त्याच्याच जपानी शाळेत. मला वाटलं, बरं झालं, ओळखीची मुलं मिळाली त्याला.

ओळखीची मुलंच होती ती.

पंगतीत एक जागा सुटायला लागली. युसुफ बसला की शेजारचं मूल थोडं सरकायचं. त्याच्या शेजारचं आणखी थोडं. शेवटी युसुफ एका टोकाला आणि मधे एक माणूस बसेल एवढी सतरंजी मोकळी. मी म्हणायचे, जवळ बसा रे, मला वाढायला उठावं लागतं. बसायचे, आणि पुन्हा सरकायचे. पोळीचा डबा त्याने पुढे दिला की पुढचा पोरगा मधलं बोट पहिल्या बोटावर चढवायचा, तसाच डबा घ्यायचा, आणि मग पँटला हात पुसायचा. कोणी हसत नव्हतं. हसले असते तर मी आधीच पकडलं असतं.

सगळ्यात लहान ओम. पहिलीतला. त्याला खोटं बोलायला अजून जमत नाही. त्याला मी एकटं गाठलं.

"ओम, बोटं अशी का धरता रे?"

"बारिया आहे ते, आजी."

"म्हणजे?"

"युसुफला किन आहे. किन म्हणजे जंतू. त्याला हात लागला की आपल्याला लागतो. मग पळत जाऊन दुसऱ्याला लावायचा. बोटं अशी धरली की नाही लागत."

"आणि युसुफला कुणी लावला?"

"त्याचा स्वतःचाच आहे," ओम म्हणाला. "आधी अन्वीताईला होता. मग तिने त्याला दिला. आता तो कुणालाच नाही देऊ शकत, कारण सगळ्यांची बोटं अशी असतात."

हा खेळ जपानी शाळांमध्ये जुना आहे, असं मला नंतर लोकांनी समजावलं. मला समजावायची गरज नव्हती. आमच्या गावच्या शाळेत माझी जागा दाराशी होती. प्यायला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. माझी पाटी बाजूला ठेवायची झाली तर मास्तर छडीने सरकवायचे. मी चौथीनंतर शाळा सोडली, तर लोक समजतात गरिबीमुळे. त्यांना समजू दे. पण त्या खेळाला तिकडे खेळ म्हणत नव्हते, एवढं खरं. तिथे निदान ती लाज तरी राखली होती.

दुसऱ्या दिवशी मी पंगत बसवली आणि युसुफला म्हटलं, आज पोळ्या तू वाढ. तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, हात धुतले, परत धुतले, आणि वाढायला लागला. प्रत्येकाच्या ताटात एकेक पोळी. बटाट्याची भाजी होती, सगळ्यांची आवडती.

कोणी घास घेतला नाही.

"काय झालं?"

"भूक नाही, आजी," अन्वी म्हणाली. अन्वी चौथीतली, हुशार, बोलकी, बाकीची तिच्याकडे बघून ठरवतात. तिच्यामागून सगळ्यांची भूक गेली. ओमचीही. ओमने पोळीकडे बघितलं, अन्वीकडे बघितलं, आणि ताट पुढे सरकवलं.

मीही म्हटलं, ठीक आहे. दुसरं काही मिळणार नाही. बिस्किटांचा डबा वर ठेवला. सगळी मुलं उपाशी घरी गेली. युसुफ जेवला नाही. मी एकटी जेवले, त्यांच्यासमोर, त्याने वाढलेल्या पोळ्या.

संध्याकाळी फोन सुरू झाले. आईबाप मला मावशी म्हणतात. पुण्या-मुंबईत कामाला येणाऱ्या बाईला म्हणतात ती मावशी. मला चालतं. अन्वीची आई मुग्धा फोनवर थांबली नाही, दारातच आली. ऑफिसची बॅग खांद्यावर, तोंड लाल.

"मावशी, मुलांना उपाशी ठेवलंत?"

"ताटं वाढली होती. खाल्ली नाहीत."

"त्यांच्यावर जबरदस्ती कशाला करायची? मुलं आहेत, खेळतात. जपानी शाळेत हे चालतंच. तुम्ही फार मनावर घेताय."

"अन्वी पहिलीत होती तेव्हा तिला पोरं कढीचा वास म्हणायची. किन तिला होता. तेव्हा तुम्ही याच दारात बसून रडला होतात. तेव्हा खेळ नव्हता का?"

 मुग्धा म्हणाली, "त्यातून ती बाहेर आली ना."

बाहेर आली. दुसऱ्याला आत ढकलून आली. आईला ते माहीत होतं. तेवढ्यासाठी मला तिचा राग आहे, पोरीपेक्षा जास्त. पोरगी बुडत होती, तिने हाताला लागलं ते धरलं. आई काठावर होती.

मी शाळेतही गेले. तरुण मास्तरीण, फार वाकून नमस्कार केला, चहा दिला, म्हणाली, वर्गात तसं काही आढळलेलं नाही, युसुफ-कुन, इथे मुलग्यांच्या नावाला कुन लावतात, थोडा शांत स्वभावाचा आहे, त्यालाही मिसळायला शिकावं लागेल. म्हणजे ज्याच्यापासून सगळे सरकतात त्यानेच जवळ जायचं. मी म्हटलं, बाई, तुमच्या वर्गात एक दिवस त्याला सगळ्यांच्या वह्या वाटायला सांगा आणि बोटांकडे बघा. तिने ते लिहून घेतलं. वाटायला सांगितल्या की नाही, माहीत नाही.

घरी काय चाललं होतं ते हालाने मला पुष्कळ उशिरा सांगितलं. आमचं दोघींचं बोलणं जपानीत. तिचं माझ्यापेक्षा मोडकं, पण ती सांगते ते कळतं. युसुफ घरी भांडी घासायच्या साबणाने हात धुवायचा. रोज. बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटून रक्त यायचं. ती मलम लावायची, तो पुन्हा धुवायचा.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"आमच्यात घरातली गोष्ट बाहेर सांगत नाहीत, आजी. ऐब असतं."

ऐब हा शब्द मला तिने नीट समजावला. चारचौघांत जी गोष्ट निघाली की मान खाली जाते, ती. मी म्हटलं, मग तुझी मान खाली का? तुझ्या पोराने काय केलंय?  आपल्याकडे तरी मान कुणाची खाली जाते?

तिने झाकून ठेवलं तरी हानीला बाहेरून कळलंच. शुक्रवारी नमाजाला जमतात तिथे त्यांची चारदोन अरब घरं आहेत, त्यांचीही मुलं याच शाळेत. कोणीतरी हसत म्हणालं, तुझा मुलगा मुलींनाही घाबरतो म्हणे. बस्स. त्या एका वाक्याने बाप पेटला. आणि पेटला कुणावर? चिडवणाऱ्यांवर नाही. पोरावर. "उलटा मार का नाही देत? माझ्या वयात मी दोघांना लोळवायचो." पोराला रडताना बघितलं की खोलीतून निघून जायचा. मग त्याने ठरवलं, युसुफला अलेक्झांड्रियाला आजोबांकडे पाठवायचं. तिथे आपल्या मुलांत राहील, मर्द होईल. नोकऱ्या सोडून दोघांना जाता येत नाही, म्हणून पोरगा एकटा जाईल.

हाला माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मग डोळे पुसून कामाचं बोलली, म्हणून ती मला आवडते.

"आमच्यात एक रीत आहे. भांडण झालं की त्या घरची मोठी माणसं स्वतः चालत येतात. बसतात. चूक झाली म्हणतात. मग सगळं मिटतं, पुरुषांची मानही राहते. त्या मुलीचे आईवडील आले ना, तर हानी थांबेल. मी त्याला ओळखते. तो वाटच बघतोय कुणीतरी यायची."

मी मुग्धाला आणि तिच्या नवऱ्याला, निखिलला, सांगितलं. स्पष्ट सांगितलं: तुम्ही गेलात तर पोरगा आईजवळ राहील. नाही गेलात तर जाईल. निखिल चांगला माणूस आहे, लगेच म्हणाला, जाऊ या. रविवार ठरला. जपानी पद्धतीने मिठाईचा खोका घेतला, कागदात गुंडाळून. मुग्धाने दुकानात उभं राहून खोक्यामागची सगळी जपानी अक्षरं फोनवर वाचून घेतली, त्यात डुकराचं काही नको म्हणून. तेवढं तिने केलं, ते मी नाकारत नाही.

हालाने घर चकचकीत केलं होतं. हानी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. युसुफ बापाशेजारी, हात पाठीमागे. आम्ही बसलो. निखिलने वाकून, जपानीत, चांगल्या शब्दांत, आमच्या मुलीचं चुकलं म्हटलं. अन्वीनेही मान खाली घालून जपानीत माफी मागितली, पाठ केलेली, पण मागितली. हानीचा चेहरा सैल झाला. मी स्वतः बघितला. त्याने हालाला खूण केली.

तिने तबक आणलं. छोट्या कपांत कॉफी, पेल्यांत पाणी, बशीत खजूर. एकेकाच्या समोर स्वतःच्या हाताने ठेवलं.

मी कॉफी उचलली. कडू होती, वेलदोड्याची. प्यायले. खजूर खाल्ला.

निखिलने मुग्धाकडे बघितलं. मुग्धा हसून मोडक्या जपानीत म्हणाली, "थँक यू, पण आज आमचा उपवास आहे. संकष्टी." निखिलने पुढे केलेला हात मागे घेतला. अन्वीने आईकडे बघून पेला तसाच ठेवला.

हानीला उपवास कळतो. त्याने विचारलं, "पाणीही नाही?"

"नाही, नाही, ठीक आहे," मुग्धा म्हणाली. "आत्ताच घेतलं घरी."

कप तसेच राहिले. कॉफीवरची वाफ गेली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. हाला बशी थोडी पुढे सरकवत होती, पुन्हा थोडी पुढे. खजूर उपवासाला चालतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कॉफी चालते. पाणी तर चालतंच. आणि मला नंतर हालाने सांगितलं, त्यांच्या रीतीत माफी मागायला आलेला माणूस कप हातात घेत नाही तोवर गोष्ट मिटलेली नसते. पाहुण्याने कॉफी प्यायली की मिटली. म्हणून हानी कपांकडे बघत बसला होता.

युसुफही बघत होता. तो बापाला जपानीत म्हणाला, हळू नाही, साध्या आवाजात, "बाबा, मोठ्यांचीही बोटं अशीच असतात."

अन्वीला कळलं. तिचे कान लाल झाले. निखिलला कळलं. मुग्धाला जपानी कमी येतं, पण आमच्या तोंडांवरून कळलं असावं. हानी उठला, आल्याबद्दल आभार मानले, मिठाईचा खोका दोन्ही हातांनी घेतला आणि आम्हाला दारापर्यंत सोडलं.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "संकष्टीला पाणी कधीपासून चालत नाही?"

"मावशी, तुम्हाला माहितीये. त्यांच्या भांड्यांत सगळं शिजतं. आमच्याकडे अंडंसुद्धा नाही. मी कुणाचा अपमान केला नाही, नीट हसून सांगितलं."

"तुमच्या ऑफिसातल्या पार्टीत कुठल्या भांड्यात खाता?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं ते मला सांगू नका," मी म्हटलं. "मला लहानपणापासून पाठ आहे."

निखिल म्हणाला, "आपण परत जाऊन पिऊन येऊ का?" खरंच म्हणाला तो. लिफ्ट खाली पोचली होती. मुग्धा म्हणाली, आता कसं दिसेल ते. आणि कोणीच परत गेलं नाही.

त्या महिन्यात युसुफ गेला. वर्गाने त्याला रंगीत पुठ्ठा दिला, इथे निरोपाला देतात तसा, मधे त्याचं नाव आणि भोवती सगळ्यांचे संदेश. आपण कायम मित्र आहोत. तुझ्याबरोबर मजा आली. तो पुठ्ठा त्याने नेला नाही. मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, वुई विल मिस यू, युसुफ, आणि खाली किती हात जोडलेले, किती फुलं. सुट्टीला माझ्याकडे येते त्या नातीला मी विचारलं, यात शिवी कशी टाकतात. तिने फोन काढून घेतला.

मग काय झालं ते ऐका. किन युसुफबरोबर विमानात बसून गेला नाही. थोड्याच दिवसांत पंगतीत पुन्हा जागा सुटली. या वेळी अन्वीच्या शेजारी. ती आली, बसली, आणि ओमपासून सगळे सरकले. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले, तिथूनच वाढलं. गुडघे दुखतात, पण बसले. पोरीवर सूड घ्यायला मी पाळणाघर काढलेलं नाही.

मुग्धा मात्र वादळासारखी आली. "मावशी, हे बुलिंग आहे. इजिमे आहे. मी शाळेला लिहिणार, वॉर्डाच्या ऑफिसात जाणार. तुमच्यासमोर हे होतं आणि तुम्ही बघत बसता?"

"युसुफच्या वेळी याचं नाव खेळ होतं," मी म्हटलं. "नाव कधी बदललं?"

ती रडली. मी पाणी दिलं. प्यायली.

हे सगळं मी इथेच संपवलं असतं, पण गेल्या शुक्रवारी हाला फोन घेऊन आली. शुक्रवारी तिकडे शाळेला सुट्टी, आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार. युसुफशी बोलणं चालू होतं, ती तशीच धावत जिना उतरून आली होती.

"आजी, तो अरबीत सगळं छान आहे म्हणतो. आजी चांगली, आजोबा चांगले, शाळा चांगली. मग मधेच जपानीत बोलतो, भरभर. त्याची आजी शेजारी बसलीय ना, तिला कळू नये म्हणून. मला अर्धं कळतं. उरलेलं तू सांग."

फोनवर युसुफ. केस कापलेले. मागे पडदा, पडद्याआड समुद्राचा उजेड. मला बघून तो ओळखीचं हसला आणि मग जपानीत सांगायला लागला, चेहरा हसराच ठेवून, तिथल्या आजीला संशय येऊ नये म्हणून. त्याच्या अरबीला मुलं हसतात. त्याला चिनी म्हणतात. डोळे ताणून दाखवतात. कुरळ्या केसांच्या पोराला! आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मार एकेकाला. त्याने एकाला मारलं, तर चौघांनी त्याला मारलं. बाकावर तो एकटाच बसतो. "आजी, आईला हे सांगू नका," तो म्हणाला. "फक्त विचारा, मी परत आलो तर चालेल का."

मी खोटं बोलत नाही. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, तो बघत असतानाच.

हाला रडली नाही. म्हणाली, "हे हानीला तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, आईचं काळीज, वाढवून सांगते."

मी समोरच्या इमारतीत गेले. हानी जेवायला बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा बोटांत चुरला. मग म्हणाला, "पहिल्यांदा सगळ्यांनाच मार बसतो. शिकेल."

"काय शिकेल?" हाला म्हणाली. मी तिला नवऱ्यासमोर आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं. पुढचं अरबीत होतं, मला कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. शेवटी ती जपानीत बोलली, मी साक्षीला असावी म्हणून: "मी त्याला आणायला जाते. कामावरून काढलं तर काढू दे."

  हानीने ताट उचललं आणि स्वतः धुवायला घेतलं.

तिचं तिकीट झालं आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा युसुफ फुनाबोरीत असेल, त्याच शाळेत, त्याच वर्गात, कारण दुसरी शाळा त्यांना परवडणारी नाही. पोरगा बरा होऊन येणार नाही. मला तसली आशा नाही. तो हात धुवत येईल.

माझ्याकडे तो येईल तेव्हा पंगतीत माझ्या उजव्या बाजूला बसेल, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांना पोळ्या तोच वाढेल. ज्यांच्या मुलांना त्या दिवशी भूक नसेल त्यांनी दुसरं पाळणाघर बघावं. जवळपास आहेत. स्टेशनच्या पलीकडे एक फार चांगलं आहे, टेबल-खुर्च्या आहेत, प्रत्येक मुलाला वेगळं ताट. हवा असेल तर पत्ता मी देते.